कोपऱ्यातला मासा

१

सोळा सालच्या उन्हाळ्यात वडवणीच्या अलीकडच्या त्या गावात माणसांना आठ दिवसांनी टँकर मिळत होता आणि सुंदररावांच्या माशांना रोज गाळलेलं पाणी. हे असं सरळ सांगितलं की सुंदरराव फार दुष्ट वाटतात. तसे ते नव्हते. पाणीपुरवठा सहकारी संस्थेचे चेअरमन होते, चार माणसांत उठबस होती, अडल्यानडल्याला हात देत. पुण्यातल्या मुलानं हौसेनं पाठवलेली वस्तू मरू द्यायची नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता.

दिवाणखान्यात टीव्हीशेजारी पाच फुटी काचेची टाकी होती आणि तिच्यात सात डिस्कस मासे. भाकरीएवढे गोल, चपटे, अंगावर नऊ उभे पट्टे, डोळे लालबुंद. आल्यागेल्याला सुंदरराव आधी चहा देत आणि मग हे मासे पैदाशीतले नसून जगाच्या पलीकडच्या एका जंगली नदीतून धरून आणलेले आहेत, हे सांगत. पाहुण्याला दोन्ही गोष्टी घ्याव्याच लागत. माशांना हलकं, कोमट पाणी लागे. म्हणून बोअरचं खारं पाणी मशीनमधून गाळायचं आणि त्यात जंगली बदामाची वाळकी पानं टाकायची. त्या पानांनी टाकीतलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसे.

हे सगळं बघायला सारजा होती. ती मेंढपाळाची लेक. लग्न होईपर्यंत तिचं आयुष्य बापाच्या मेंढरांमागं गेलेलं. आली होती धुण्याभांड्याला, पण सुंदररावांच्या मंडळी केशरबाई म्हणाल्या की जनावरातलं तुला कळतं, तर मासेही तूच बघ. झालं. सारजा सकाळी खाटकाकडून आलेलं बकऱ्याचं दिल बारीक चिरायची, बोटांनी पाण्यात सोडायची, नळीनं सहा बादल्या जुनं पाणी काढायची आणि तेवढंच नवं भरायची. तिची सावली काचेवर पडली की साती मासे पुढं यायचे.

एप्रिलातल्या एका सकाळी ते आले नाहीत. सहा मासे अर्धगोल करून उभे होते. सातवा डाव्या कोपऱ्यात, काचेला चिकटून, काळा पडलेला. सहातला एक शांतपणे पुढं गेला, सातव्याच्या कल्ल्यामागं त्यानं तोंड हाणलं आणि मागं येऊन आपल्या जागी उभा राहिला. मग दुसरा गेला. मार बसला की कोपऱ्यातला मासा काचेवर आपटे आणि टक असा आवाज येई. सारजानं एडक्यांच्या टकरी जन्मभर पाहिल्या होत्या. पण एडका चिडतो, फुरफुरतो, पाय आपटतो. हे मासे चिडलेले नव्हते. हातातलं दिल तसंच धरून ती बराच वेळ बघत राहिली.

२

सुंदररावांनी मासे पाठवणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, यांच्यात एकाला मार खावाच लागतो. त्याला बाहेर काढू नका, काढला की उरलेले दुसरा धरतात. फोन ठेवून सुंदरराव हसले आणि म्हणाले की हे तर आपल्या संचालक मंडळासारखंच झालं. केशरबाईही हसल्या.

टाकीतून काढलेलं तपकिरी पाणी फेकायची सोय त्या उन्हाळ्यात कुणालाच नव्हती. मागच्या दाराशी गल्लीतल्या बायका घागरी घेऊन बसत आणि सारजा बादलीबादलीनं वाटून देई. भांडी, अंघोळ, शेरडं, सगळं त्यावर निघायचं. रोज कुणाच्या तरी झिंज्या कुणाच्या तरी हातात असत आणि शिव्यांना खंड नसे. त्या दिवशी मात्र बायका गप बसल्या होत्या. सारजाला वाटलं, ऊन लई झालंय.

दुपारी तिचा नवरा सुग्रीव घरी आला तो डाव्या कानामागं हात दाबून. सुग्रीव संस्थेचा वॉलमन. रोजचा टँकर संस्थेच्या हौदात रिकामा झाला की गल्लीगल्लीच्या आठ दिवसांच्या पाळीनं कॉक सोडायचा, ही त्याची नोकरी. दोन घागरींवर कुणाचं मन भरत नसे, त्यामुळं गावातल्या सगळ्या शिव्या त्याला पाठ होत्या. धक्काबुक्कीही नवी नव्हती. सारजानं हळद लावता लावता विचारलं, कुणाशी वाजलं.

त्यानं आधी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मग म्हणाला, "शिवी कुणीच दिली न्हाई, सारजा. एकजण यायचा, एक फटका द्यायचा, अन् माघारी आपल्या जागंवर जाऊन उभा ऱ्हायचा. मंग दुसरा."

सारजाला सकाळचे मासे आठवले. पण तिनं हळद लावायचं काम पुरं केलं.

३

मंगळवारी सकाळी कोपऱ्यातल्या माशाचा पर चिरलेला होता. मंगळवारी दुपारी सुग्रीवच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली. बुधवारी सकाळी माशाच्या बरगडीखालचे खवले गेलेले, आत पांढरं मांस दिसत होतं. बुधवारी दुपारी सुग्रीवला श्वास घेताना कळ येऊ लागली. आधी मासा, मग माणूस, असं तीनदा झालं.

सारजा काही खुळी नव्हती. तिनं मनाला समजावून पाहिलं. सुग्रीव रोज तीनशे घागरींपुढं उभा राहतो, त्याला लागणारच. मासाही रोज मार खातो. रोजच्या दोन गोष्टी एका दिवशी घडल्या तर नवल कसलं? हे तिला पटलंही होतं. शुक्रवारी सकाळी ती दिवाणखान्यात आली तेव्हा कोपऱ्यातल्या माशाचा एक डोळा बाहेर लोंबत होता, आणि एक मासा अजून त्याच डोळ्यावर जात होता.

फडकं तिथंच टाकून ती पळाली. सकाळचे अकरा वाजले असतील. रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं. हौदाच्या वळणावर आली आणि तिला आधी जाणवलं ते हे की आवाज नाही. सत्तरऐंशी माणसं, तेवढ्याच घागरी, उघडा कॉक, आणि सगळीकडं चिडीचूप. माणसं अर्धगोल करून उभी होती. कुणीही सुग्रीवकडं तोंड करून उभं नव्हतं. एक खांदा त्याच्याकडं, मान सरळ, आणि एकाच डोळ्यानं तिरकं बघणं. बायाबापड्यासुद्धा तशाच.

सटवा पुढं गेला. सटवा म्हणजे सुग्रीवचा चुलतभाऊ. सकाळी त्यांच्याच चुलीवरचा चहा पिऊन गेलेला. त्यानं घागर उलटी धरून तिच्या काठानं सुग्रीवच्या डोळ्यावर घाव घातला. हाड वाजल्याचं सारजाला वळणावर ऐकू आलं. सटवा मागं आला, घागर जमिनीवर नीट ठेवली आणि आडवा उभा राहिला. सुग्रीवनं हात उचलला नाही. तो हौदाच्या कोपऱ्यात पाठ लावून उभा होता, रक्त हनुवटीपर्यंत आलेलं.

सारजा किंचाळली. तशी सगळी माणसं एकदम बोलायला लागली. कुणी पाणी आणा म्हणालं, कुणी म्हणालं चक्कर येऊन पडला बिचारा. सटवानंच त्याला खांद्यावर घेतलं आणि रिक्षात घातलं.

वडवणीच्या दवाखान्यात डोळा गेल्याचं सांगितलं आणि पट्टी बांधली. येताना एसटीत सारजानं नवऱ्याचे पाय धरायचे बाकी ठेवले. नोकरी सोडा, आपण माझ्या बापाकडं मेंढरांमागं जाऊ, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली. सुग्रीव खिडकीतून रिकाम्या रानाकडं बघत होता.

"मी गेलो तर तिथं दुसरा कुणीतरी उभा ऱ्हाईलच ना," तो म्हणाला.

४

सारजाच्या माहेरी एक रीत होती. कळपानं एखादं कोकरू धरलं, म्हणजे सगळी मेंढरं त्यालाच ढुशा द्यायला लागली, तर ते कोकरू वेगळं काढायचं. त्याला वेगळी वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण. वेगळं भांडं, वेगळा पाला. नऊ दिवस कळपाच्या नजरेआड ठेवायचं. नवव्या दिवशी म्होरक्या एडक्याची लोकर घेऊन कोकराच्या सर्वांगाला घासायची आणि मग त्याला कळपात सोडायचं. कळप त्याला हुंगतो आणि सामावून घेतो. तिच्या बापानं असं किती कोकरांना वाचवलेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुकानदार काढू नका म्हणाला होता, हे तिला आठवलं. पण दुकानदारानं कधी कळप राखला नव्हता आणि त्याचं कुणी हौदापाशी उभं नव्हतं.

शनिवारी पहाटेची झाडलोट उरकून तिनं तो मासा ओंजळीत घेतला. तो तडफडला नाही. कोठीच्या खोलीत ज्वारीच्या कणगीमागं एक निळं पिंप होतं, त्यात टाकीतलंच पाणी घालून तिनं त्याला सोडलं. केशरबाईंना सांगितलं की मासा आजारी आहे, इतरांना लागण होईल. त्या बरं म्हणाल्या.

त्या दुपारी सुग्रीव घरी आला तो पान खाऊन. हौदावर लोकांनी त्याला सावलीत बसवलं होतं, कुणी ताक दिलं होतं. सटवानं डोळ्याची चौकशी केली, आणि ती खरोखरीच्या काळजीनं केली. सारजानं त्याचं सगळं अंग चाचपून पाहिलं. नवं काहीच लागलेलं नव्हतं. चुलीपुढं बसून ती पोटभर रडली. किती दिवसांनी तिला भूक लागली होती.

५

तिसऱ्या दिवशी टाकीतल्या सहापैकी एक काळा पडून कोपऱ्यात गेला.

सारजाला कळलं. काय होणार हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि कुणाचं होणार नाही हेही कळलं. तिनं काच पुसली. दिल चिरलं. पाच मासे अर्धगोलात उभे राहिले तेव्हा तिनं पाठ फिरवली आणि नळी लावून बादल्या भरल्या. मागून टक, टक ऐकू येत होतं. नंतर आपण कुणाला तरी सांगायला हवं होतं, असं तिला वाटलं. पण सांगायचं काय, आणि कुणाला?

अकराच्या सुमाराला ती मागच्या दाराशी पाणी वाटत होती. पुढं छबुबाई बसली होती, गल्लीतली सगळ्यात थोराड बाई, रोज सगळ्यात आधी भांडणारी. बादली अर्धी ओतली असेल नसेल, सगळ्या बायका एकदम उठल्या. कुणी कुणाला हाक मारली नाही. घागरी तिथंच टाकून त्या रांगेनं हौदाकडं निघाल्या. सारजा मागं गेली.

या खेपेला हरिबा होता. सत्तरीचा विधुर म्हातारा, येणाऱ्याजाणाऱ्या बाईची थट्टा करणारा, आपला नंबर आला की घागर वाजवून गाणं म्हणणारा. माणसांच्या पायांमधून तिला त्याचा सुटलेला पटका दिसला, धुळीत लांबच लांब पसरलेला. एक हात दिसला. तो वर यायचा आणि खाली पडायचा. फटक्याचा आवाज वाळक्या लाकडासारखा यायचा, मग तो ओला यायला लागला. एकेक माणूस जात होता आणि येत होता. कुणी दमत नव्हतं. छबुबाईनं वाटेतला एक धोंडा उचलला, पदर खोचला, पुढं गेली, वाकली. माघारी आली तेव्हा धोंडा तिनं जिथून उचलला होता तिथंच ठेवला. तिच्या बांगड्यांवर काहीतरी चिकटलं होतं. ते तिनं पदरानं पुसलं आणि आडवी उभी राहिली.

हात वर यायचा थांबला तरी बराच वेळ माणसं जात राहिली.

हौदाच्या पायरीवरून पाय घसरला, असं सगळ्या गावानं सांगितलं. पोलिसांना सांगितलं, हरिबाच्या लेकीला सांगितलं, आणि सांगताना माणसं रडली. टाकीतला काळा मासा पाण्यावर उताणा तरंगत होता. सारजानं तो उकिरड्यात पुरला.

दुपारी सुग्रीव भाकरी मोडत म्हणाला, "पाय घसरला त्याचा."

तुम्ही होता का तिथं, असं तिनं विचारलं. लांब होतो, असं तो म्हणाला. त्यानं तिच्याकडं मान न वळवता एकाच डोळ्यानं पाहिलं. दुसऱ्या डोळ्यावर पट्टीच होती, तो तरी काय करणार. सारजानं त्याला आणखी कालवण वाढलं. खरं सांगायचं तर तिच्या मनात आनंद होता. हरिबासाठी जीव तुटत होता आणि हा माणूस आपल्यासमोर बसून जेवतोय याचा आनंदही होता, आणि त्या आनंदाची तिला शिसारी येत होती.

६

पण पिंपातला मासा खाईना. एकटा पडला की हा मासा झुरतो, असं सुंदरराव कुणाला तरी सांगत होते. सारजानं दिल चिरून अगदी तोंडापाशी धरलं. तो पिंपाच्या भिंतीकडं तोंड करून राहिला. सात दिवसांत त्याचं अंग कागदासारखं झालं.

सुग्रीवनंही खाणं सोडलं. कामावरून आला की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसायचा. हाक मारली तर ओ देत नसे. वडवणीच्या डॉक्टरनं सलाईन लावलं, उन्हाचा त्रास आहे म्हणाला. आठव्या दिवशी तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला तर मणकान् मणका हाताला लागला. मारानं गेला नाही तो असा जाणार, हे तिला स्पष्ट दिसलं.

नववा दिवस उजाडला. केशरबाई देवपूजेत होत्या, सुंदरराव संस्थेच्या मीटिंगला गेलेले. टाकीत पाच मासे उरले होते आणि त्यात एक सगळ्यांत मोठा, सगळ्यांच्या आधी खाणारा, म्होरक्या. सारजानं हात ओले केले, म्होरक्याला धरलं आणि त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर तळव्यांनी हळू निपटून घेतला. बोटांवर साय आल्यासारखं झालं. मग कोठीत जाऊन तो थर तिनं आजारी माशाच्या अंगाला चोळला. डोक्यापासून शेपटीपर्यंत, फुटलेल्या डोळ्याच्या खाचेतसुद्धा. कोकराला घासताना बाप पुटपुटायचा तसं काहीतरी ती पुटपुटत होती. आणि तिनं त्याला टाकीत सोडलं.

तो मधोमध उभा राहिला. पाच मासे त्याच्याकडं वळले. मग त्याच्या अंगावर रंग चढायला लागला. एकेक करून नऊ पट्टे उमटले, काळेभोर. म्होरक्या पुढं आला, त्याच्यासमोर थांबला आणि बाजूला सरकला. बाकीचेही सरकले. तिनं दिल सोडलं तर पहिला तुकडा त्यानंच घेतला.

घरी सुग्रीव अंगणात उभा होता, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. त्यानं चार भाकरी खाल्ल्या. सारजानं त्या रात्रीचा दिवा लावताना देवापुढं नाक घासलं. आपल्या बापाची रीत माशालासुद्धा लागू पडली, याचं तिला नवल आणि अभिमान, दोन्ही वाटलं.

७

दुसऱ्या दिवशी ती जरा उशिराच कामावर गेली. सुग्रीव तिच्या आधी उठून हौदावर गेला होता. दिवाणखान्यात सुंदरराव आरामखुर्चीत टीव्हीपुढं बसले होते, बातम्या चालू होत्या. केशरबाईंच्या बांगड्या स्वयंपाकघरात वाजत होत्या. सारजा फडकं घेऊन टाकीपाशी गेली.

पाच मासे अर्धगोल करून उभे होते. मधोमध तो फुटक्या डोळ्याचा. कोपऱ्यात एक बारकी मादी काळी पडत होती. तिच्याकडं सारजानं आजवर नीट पाहिलंच नव्हतं. एक मासा सुग्रीवचा आहे हे कळल्यावर तिनं त्याच एकाचा विचार केला होता, मग हरिबाच्या माशाचा. बाकीचे कोण कोण आहेत, हे कधी तिच्या मनातच आलं नव्हतं.

तिच्यासमोर टाकीतल्या फुटक्या डोळ्याच्या माशानं पहिला घाव घातला.

फाटक वाजलं. मग पायांचे आवाज आले, पुष्कळ पायांचे. बोलणं कुणाचंच नाही. सारजा वळली नाही. समोरच्या काचेत तिला आपल्या पाठीमागचं दार दिसत होतं आणि दारातून माणसं आत येत होती. सटवा होता. छबुबाई होती. मागं अंगण भरलेलं होतं. चेअरमनसाठी आले आहेत, असं तिच्या मनात आलं. टँकर चुकला असेल, डोकी फिरली असतील. मोठ्या माणसाच्या घरात शिरले, आता सुग्रीवच्या नोकरीचं काय, असंही आलं.

मग आरामखुर्ची करकरली. सुंदरराव उठले होते. ते आलेल्या माणसांपाशी गेले आणि सटवाच्या शेजारी, एक खांदा पुढं करून, आडवे उभे राहिले. स्वयंपाकघरातून केशरबाई आल्या, हात पिठाचे, आणि त्यांच्या पलीकडं उभ्या राहिल्या. टीव्हीवरची बाई पावसाचा अंदाज सांगत होती.

सारजा टाकीकडं पाठ करून वळली. तिची पाठ डाव्या बाजूच्या भिंतीच्या कोपऱ्याला लागली तेव्हा आपण मागं सरकलो आहोत हे तिला कळलं. तिनं केशरबाईंना हाक मारली. "काकू, मी सारजा हाय," ती म्हणाली. केशरबाई एका डोळ्यानं तिच्याकडं बघत राहिल्या.

अर्धगोल मधून उघडला आणि सुग्रीव पुढं आला. हातात कॉक फिरवायचा लोखंडी पाना होता. डोळ्यावरची पट्टी त्यानं काढून टाकली होती आणि खाच कोरडी दिसत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. सारजाची नजर सवयीनं आधी त्याच्या अंगावरूनच फिरली. डोकं, कान, हात, बरगड्या. कुठंही नवं लागलेलं नव्हतं. अंग भरलं होतं, रंग परत आला होता. वाचला माझा माणूस, असं तिला वाटून गेलं, आणि तेवढ्यात त्यानं पाना उचलला.

घाव तिच्या कल्ल्यावर, डाव्या कानामागं बसला. डोकं मागच्या भिंतीवर आपटलं.

सुग्रीव मागं गेला आणि आपल्या जागी उभा राहिला. मग सटवा निघाला.